संगणक आपला, कळ परक्याच्या हाती!

गुजरातमधील वाडीनार येथे देशातील एक मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे. तो चालविणारी नायरा एनर्जी ही भारतात नोंदलेली आणि भारतीय कायद्यांनुसार चालणारी कंपनी. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा असल्याने युरोपीय महासंघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध लादले. हे निर्बंध भारत सरकारने लावलेले नव्हते, संयुक्त राष्ट्रसंघाचेही नव्हते. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा बंद केल्या. परवान्याचे पैसे भरलेले होते, कर्मचारी भारतीय होते, काम भारतात चालले होते. पण स्वतःचीच पत्रे आणि स्वतःचीच माहिती त्यांना उघडता येईना. अखेर कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या.

प्रकरण काही दिवसांत मिटले आणि वृत्तपत्रांनी ते विसरूनही टाकले. पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न मिटलेला नाही. भारताच्या भूमीवरील यंत्र चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय ब्रुसेल्स आणि रेडमंड येथे होणार असेल, तर त्या यंत्राचा मालक कोण? देयक ज्याच्या नावावर आहे तो, की कळ ज्याच्या हाती आहे तो?

हे प्रकरण ई-मेल आणि तत्सम सेवांचे होते. टेबलावरच्या संगणकाचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जी आज्ञावली त्याचे सर्व व्यवहार सांभाळते, त्या संचालन प्रणालीवर, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमवर, बाकी सारा डोलारा उभा असतो. त्या पायाविषयी आपल्या समाजात दोनच प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणते, विंडोजला पर्याय नाही. लिनक्स वगैरे प्रयोगशाळेतल्या मंडळींचे खेळ आहेत. दुसरे म्हणते, एखादी 'भारतीय' प्रणाली घ्या, तिला संस्कृत नाव द्या, म्हणजे स्वदेशी झाली. पहिले मत आळसातून येते, दुसरे भाबडेपणातून. दोन्ही मतांत एक साम्य आहे. यंत्र समोर ठेवून, ते चालवून पाहण्याची तसदी कोणीच घेतलेली नसते.

'बाद' ठरविलेली यंत्रे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली; संस्थांना पैसे मोजून आणखी काही काळ सुरक्षा दुरुस्त्या घेता येतात. त्यापुढे मार्ग एकच, तो म्हणजे विंडोज ११. पण ही आवृत्ती प्रत्येक यंत्रावर चढत नाही. तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्यापूर्वीच्या घडणीचा संगणक कितीही धडधाकट असला, तरी कंपनीच्या लेखी तो बाद!

हे संगणक आहेत कोठे? ते जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, पतसंस्थेच्या खिडकीमागे आहेत, सार्वजनिक वाचनालयात, वसतिगृहात, सेवाभावी रुग्णालयाच्या नोंदणी टेबलावर आणि देणगीतून उभ्या राहिलेल्या असंख्य संस्थांच्या कार्यालयांत आहेत. तेथे पाच-सहा पत्रे, एक हिशेबाची वही, एक उपस्थितीपट आणि अधूनमधून एखादे निमंत्रण इतकेच काम चालते. या कामाला सात-आठ वर्षांपूर्वीचे यंत्र आजही पुरून उरते. ते बिघडलेले नाही. त्याला बिघडलेले ठरविण्यात आले आहे. समाजाने पै-पै करून दिलेल्या देणगीतून घेतलेली वस्तू परदेशातील कंपनीच्या वेळापत्रकानुसार भंगारात टाकायची, ही उधळपट्टी कोणत्या संस्काराला धरून आहे?

याहून लाजिरवाणी बाब म्हणजे, यांतील कित्येक यंत्रांवर विंडोजची मुळात चोरीची प्रत असते. स्वदेशीवरील व्याख्यानाचे निमंत्रणपत्र परदेशी कंपनीच्या चोरलेल्या प्रतीवर टंकलिखित व्हावे, यात व्यवहारचातुर्य नाही. दुहेरी परावलंबन आहे. वस्तूही परक्याची आणि ती आणण्याची रीतही अप्रामाणिक. प्रामाणिक पर्याय विनामूल्य उपलब्ध असताना तर या वर्तनाला कोणतीच सबब उरत नाही.

स्थैर्याचे दोन अर्थ

तो पर्याय म्हणजे मुक्त प्रणाली. येथे 'मुक्त' या शब्दाचा अर्थ 'फुकट' असा घेऊ नये. 'फुकट ते पौष्टिक' या वृत्तीने या विषयाकडे पाहणाऱ्यांची लवकरच निराशा होते. मुक्त प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते, पुढे वाटता येते. आणि एकदा हाती आलेली ती आज्ञावली कोणी परत मागू शकत नाही. तिचे खरे मोल या हक्कात आहे. फिनलंडच्या लिनस टॉर्वाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा, म्हणजे कर्नल, लिहावयास घेतला. त्याभोवती विविध गटांनी संपूर्ण प्रणाली उभ्या केल्या. त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च ही त्यांतील प्रमुख नावे. लिनक्सहून वेगळ्या घराण्यातील फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी याही मुक्त प्रणालीच. यांपैकी निवड कशी करावी? येथे घोषणा उपयोगाच्या नाहीत. कसोट्या दोनच, स्थैर्य आणि हार्डवेअरशी जुळणे.

स्थैर्याचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निवड फसते. यंत्र मध्येच बंद पडू नये, हा पहिला अर्थ. काल जे जसे होते ते आजही तसेच राहावे, हा दुसरा. शाळेतील शिक्षकाला आणि पतसंस्थेतील लिपिकाला दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. सोमवारी उघडलेला तक्ता मंगळवारी वेगळा दिसता कामा नये, ही त्याची साधी अपेक्षा असते.

या अपेक्षेला सर्वाधिक उतरते ती डेबियन. १९९३ मध्ये इयन मरडॉकने सुरू केलेले हे वितरण कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. त्याला लिखित घटना आहे, त्याचा प्रमुख सभासदांच्या मतदानाने निवडला जातो आणि १९९७ पासून त्याचा स्वतःचा एक 'सामाजिक करार' आहे. साधारण दोन वर्षांनी त्याची नवी 'स्थिर' आवृत्ती निघते. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आवृत्ती निघण्यापूर्वी काही महिने तीत नवे काही घेणे थांबविले जाते, दोष शोधले जातात, आणि निघाल्यानंतर केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या होतात. दीर्घकालीन पाठिंबा धरून एक आवृत्ती सुमारे पाच वर्षे वापरता येते. चकचकीत नवेपणा हवा असणाऱ्यांना ती कंटाळवाणी वाटते. संस्थेच्या कार्यालयाला हाच कंटाळवाणेपणा हवा असतो.

उबुंटू २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उभी राहिली. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणाऱ्या तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. स्थापना सोपी, मदतीचे साहित्य विपुल. तथापि ती कॅनॉनिकल या ब्रिटनस्थित कंपनीच्या धोरणानुसार वळते. मिंट ही उबुंटूच्या याच दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेली. विंडोजची सवय असलेल्या माणसाला तिचा पडदा ओळखीचा वाटतो, खालची पट्टी आणि डाव्या कोपऱ्यातील यादी जागच्या जागी असते. उबुंटूवर विसंबायचे नसेल त्यांच्यासाठी मिंटची थेट डेबियनवर बेतलेली आवृत्तीही आहे. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी निघते आणि एका आवृत्तीला जेमतेम तेरा महिने पाठिंबा मिळतो. नवे शिकू इच्छिणाऱ्या अभियंत्याला ती उत्तम, ग्रामीण शाळेला गैरसोयीची. आर्चसारख्या वितरणांना तर आवृत्तीच नाही, ती रोज बदलत राहतात. त्यांचा चालक जागरूक असेल तर ती चालतात. पण संस्थांना असा चालक सहसा लाभत नाही.

सावकाशीचे मोल मार्च २०२४ मध्ये सर्व जगाला दिसले. 'एक्सझेड' नावाच्या, फाइली संकुचित करणाऱ्या एका छोट्या घटकात कोणीतरी दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला क्षणभर अधिक वेळ लागतो आहे असे जाणवले. त्याने खोदून पाहिले आणि कट उघडा पडला. ज्या वितरणांत नवे ते तात्काळ घेतले जाते, तेथे दूषित आवृत्ती पोहोचली होती. डेबियनच्या चाचणी शाखेतही ती शिरली होती. स्थिर शाखेत मात्र ती आलीच नाही. मुक्त प्रणालीत दगाफटका होतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेतून धडा घ्यावा. त्याचबरोबर, मूळ आज्ञावली उघडी नसती तर एका सामान्य अभियंत्याला ती खोदून पाहता आली असती काय, याचे उत्तर टीकाकारांनी द्यावे.

बंद प्रणाली म्हणजे स्थैर्य हा समज १९ जुलै २०२४ रोजी कोसळला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर थिजली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे मिळाली. दोष त्या सुरक्षा कंपनीचा होता हे खरे. पण एकाच प्रणालीवर सारे जग टांगून ठेवले की एका ठिकाणचा दोष सर्वांचा कसा होतो, हेही तितकेच खरे.

हार्डवेअरची खरी अडचण

आता दुसरी कसोटी. मुक्त प्रणालीविरुद्धचा सर्वांत जोरदार आक्षेप येथेच येतो आणि तो पूर्णपणे खोटा नाही. 'आमचा प्रिंटर चालला नाही', 'वाय-फाय दिसलेच नाही', 'लॅपटॉप झोपला तो उठलाच नाही' या तक्रारी काल्पनिक नाहीत. त्या नाकारणारा प्रचारक मुक्त प्रणालीचे नुकसानच करतो.

या अडचणीचे मूळ समजून घेतले पाहिजे. यंत्राचा प्रत्येक भाग चालविण्यासाठी ड्रायव्हर नावाची छोटी आज्ञावली लागते. विंडोजसाठी ती हार्डवेअरचा उत्पादक स्वतः लिहून देतो, कारण बाजारपेठ तेथे आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट असतात. उत्पादकाने तपशील उघड केले तर ते उत्तम चालतात; न केले तर कोणा स्वयंसेवकाला यंत्राची नस चाचपत उलट्या दिशेने शोध घ्यावा लागतो. इंटेल आणि एएमडी यांनी ग्राफिक्सचे ड्रायव्हर मुक्त केल्यामुळे त्यांच्या यंत्रांवर आज फारसा त्रास होत नाही. एनव्हिडियाने दीर्घकाळ दार बंद ठेवले. २०१२ मध्ये टॉर्वाल्ड्सने जाहीर सभेत या कंपनीचा असभ्य शब्दांत उद्धार केला होता. २०२२ मध्ये तिने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी निगडित भाग मुक्त केला. ग्राहकांचा रेटा वाढला की बंद दारे उघडतात, हा त्याचा अर्थ.

येथे स्थैर्य आणि हार्डवेअर यांच्यात एक ताण आहे. अगदी नवा लॅपटॉप ओळखण्यास नवा गाभा लागतो आणि स्थिर प्रणालीत गाभा जुना असतो. म्हणूनच गेल्याच महिन्यात आणलेल्या यंत्रावर डेबियन अडखळते आणि फेडोरा चालते. उबुंटूने दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतही टप्प्याटप्प्याने नवा गाभा देण्याची सोय केली आहे. डेबियनमध्ये तो 'बॅकपोर्ट' मार्गाने घेता येतो. शिवाय वाय-फायसारख्या भागांना लागणारे बंद फर्मवेअर डेबियन पूर्वी तत्त्वापोटी आपल्या अधिकृत स्थापना-संचात घेत नसे. त्यामुळे नवशिक्या पहिल्याच पायरीवर अडून बसे. २०२२ मध्ये सभासदांनी मतदान करून हा नियम बदलला आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती अडचण पुष्कळशी दूर झाली. तत्त्व सोडले नाही, पण तत्त्वाकडे जाणारी वाट सामान्य माणसाला चालता येईल अशी केली.

मात्र या सर्व चर्चेत एक गोष्ट नजरेआड होते. विंडोज ११ ने बाद ठरविलेली यंत्रे नवी नाहीत. ती आठ-दहा वर्षांची आहेत. नेमक्या याच वयाच्या यंत्रांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात मुरलेले असतात. म्हणजे ज्या यंत्राला एका दाराने हाकलले जाते, त्याच्यासाठी दुसरे दार सताड उघडे आहे. याला मर्यादा एकच. फार जुनी, ३२ बिटची यंत्रे आता डेबियनच्या तेराव्या आवृत्तीच्या स्थापना-संचानेही सोडून दिली आहेत. त्यांना निरोप द्यावा हेच बरे.

फ्रीबीएसडीविषयी जाणकार आदराने बोलतात आणि सर्व्हरच्या जगात तो आदर सार्थ आहे. गाभा आणि भोवतालची प्रणाली एकाच घडणीची असल्याने तिचे स्थैर्य वाखाणण्यासारखे आहे. परंतु लॅपटॉपवर तिची चाल मंदावते. ग्राफिक्सचे ड्रायव्हर तिला लिनक्सकडून आणावे लागतात आणि वाय-फायच्या नव्या मानकांत ती मागे राहिली. तिच्या प्रतिष्ठानानेच अलीकडे लॅपटॉपसाठी खास प्रकल्प हाती घेतला, यातच ती उणीव मान्य झाली आहे. ओपनबीएसडी सुरक्षेसाठी ख्यातनाम, पण ती सामान्य घरासाठी नव्हे. विंडोजची हुबेहूब मुक्त प्रतिकृती करू पाहणारी रिअ‍ॅक्टओएस १९९० च्या दशकापासून घडते आहे आणि अजून प्राथमिक अवस्थेतच आहे. तिच्या भरवशावर कार्यालय थाटू पाहणारे उंटावरचे शहाणेच म्हणावे लागतील.

नाव बदलले म्हणजे स्वदेशी झाले?

आता स्वकीयांशी दोन शब्द. संगणकाच्या क्षेत्रात भारताने स्वाभिमान दाखविला नाही असे नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने भारताला हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक नाकारला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. नकाराचे उत्तर निषेधाच्या पत्रकाने नव्हे, यंत्राने दिले गेले. याच सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस', म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, ही डेबियनवर आधारित प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूच्या पायावर घडविलेल्या 'माया' या प्रणालीची वार्ता आली. हे प्रयत्न स्वागतार्हच आहेत.

पण त्यांच्याविषयी जो जयघोष होतो, तो ऐकून मन साशंक होते. पाया डेबियनचा, गाभा लिनक्सचा, पडद्यावरचे चित्र तेवढे बदललेले. एवढ्यावर 'संपूर्ण स्वदेशी' अशी द्वाही फिरविणे म्हणजे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असा प्रकार होईल. डेबियनवर आधार घेण्यात कमीपणा मुळीच नाही. ज्ञान कोणत्याही दिशेने यावे, हीच या मातीची शिकवण आहे. कमीपणा आहे तो घेऊन परत न देण्यात. मूळ डेबियनमध्ये, मूळ गाभ्यात भारतीय संस्थांच्या दुरुस्त्या किती जातात? भारतात विकल्या जाणाऱ्या प्रिंटरचे, स्कॅनरचे, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर भारतीय अभियंत्यांनी किती लिहिले? जगभरच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या या देशाने स्वतःच्या टेबलावरील यंत्रासाठी इतके तरी करावयास नको काय?

हे न करण्याची किंमत काय असते, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये दिसले. निर्बंधांच्या कारणास्तव लिनक्स गाभ्याच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून अनेक रशियन अभियंत्यांची नावे काढून टाकण्यात आली. रशियाच्या हातची आज्ञावली कोणी हिरावून घेतली नाही. तसे करताच येत नाही. पण निर्णयाच्या पंगतीतून त्यांची पाने उचलली गेली. म्हणून मुक्त आज्ञावलीचा नुसता वापर पुरेसा नाही. ती समजणारी, दुरुस्त करणारी आणि वेळ आल्यास स्वबळावर पुढे चालविणारी माणसे देशात हवीत. चिनने आपली कायलिन प्रणाली वर्षानुवर्षे चिकाटीने जोपासली, ती याच जाणिवेतून.

विरोधकाकडूनही शिकावे

मुक्त प्रणालीकडे वळणे हे रणशिंग फुंकून होणारे काम नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये मोठ्या गाजावाजाने विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला. सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. प्रणाली कोसळली म्हणून असे घडले नाही. स्वतःचे वेगळे वितरण सांभाळण्याचा भार, विखुरलेली संगणक व्यवस्था आणि बदललेले राजकीय नेतृत्व यांनी घात केला. फ्रान्सच्या जंदार्मरी या पोलीस दलाने उलट क्रम धरला. २००५ च्या सुमारास आधी कार्यालयीन आज्ञावली बदलली, मग ब्राउझर, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून प्रणाली. आज त्या दलाचे सुमारे लाखभर संगणक उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर चालतात. एकाने आधी कळस चढविला, दुसऱ्याने पाया भरला.

परदेशापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. केरळच्या शासकीय शाळांतील संगणक शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालते. उबुंटूवर आधारित, मल्याळमची सोय असलेली त्यांची स्वतःची आवृत्ती आहे आणि शिक्षकांना तिचे पद्धतशीर प्रशिक्षण दिले जाते. तेथील डाव्या पक्षांशी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींचे मतभेद मूलगामी आहेत आणि ते राहतील. परंतु स्वदेशीचा उद्घोष करणाऱ्यांनी जे करावयास हवे होते, ते स्वदेशी हा शब्दही न उच्चारणाऱ्यांनी करून दाखविले, हे सत्य झाकून काय साधणार? डेबियनची जागतिक वार्षिक परिषद २०२३ मध्ये भारतात भरली, तीही कोची येथे, हा योगायोग नव्हे. महाराष्ट्रात मात्र 'एमएस-सीआयटी'च्या वर्गांतून लाखो तरुण संगणक शिकले आणि बहुतेकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज, पत्र म्हणजे वर्ड, हे समीकरण पक्के झाले. शिक्षण द्यावयाचे होते. ग्राहक घडविले गेले.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. मुक्त पर्याय का वगळला, याचे कारण पुरवठादाराने द्यावे, अशी अपेक्षा त्यात आहे. धोरण उत्तम, अंमलबजावणीच्या वाटेवर मात्र फायली झोपलेल्या. खरेदीच्या अटींत विंडोजचे नाव आजही सहज आढळते. सरकार स्वपक्षाचे असले तरी हा प्रश्न विचारणे हे निष्ठेचेच लक्षण आहे.

पैसा फंडाचे स्मरण

स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. प्रत्येकाने केवळ एक पैसा द्यावा. त्यातून राष्ट्रोपयोगी उद्योग उभे राहावेत. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथील काचकारखाना याच फंडातून उभा राहिला आणि तेथे शिकलेल्यांनी हा उद्योग पुढे देशभर नेला. विदेशी बांगड्यांचा निषेध करणाऱ्यांनी काच करावयास शिकून दाखविली, हे त्या चळवळीचे मोठेपण.

मुक्त प्रणाली हा याच जातीचा उद्योग आहे. येथे पैसा म्हणजे वेळ आणि बुद्धी. एकाने एक दोष कळविला, दुसऱ्याने एका ड्रायव्हरची चाचणी घेतली, तिसऱ्याने मराठी अनुवादातील चुकीचा शब्द दुरुस्त केला. यातून जी संपत्ती उभी राहते ती सर्वांची आणि कोणाच्याही मालकीची नसलेली. तिचा उपभोग घ्यायचा आणि आपला पैसा टाकायचा नाही, ही आयत्या बिळावरच्या नागोबाची वृत्ती होय.

कार्यकर्त्यांपुढील काम

आक्षेप शेवटपर्यंत राहतील आणि त्यांतील काही रास्त असतील. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. कर भरण्यासाठी लागणाऱ्या काही डिजिटल टोकनचे ड्रायव्हर अडतात. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील मजकूर रूपांतरित करावा लागतो. यावर उपाय सोपा आहे. त्या कामापुरते एक विंडोज यंत्र, रीतसर परवान्यासह, ठेवावे. एका यंत्राच्या अडचणीसाठी उरलेली सारी यंत्रे गहाण ठेवण्याचे कारण नाही.

प्रत्येक संस्थेने प्रथम आपल्या संगणकांची नोंद करावी: घडणीचे वर्ष, प्रोसेसर, प्रिंटर, त्यावर चालणारे काम. मग मिंट किंवा डेबियन पेनड्राइव्हवर घ्यावी आणि संगणक त्यावरूनच सुरू करावा. मूळ डिस्कला हातही न लावता वाय-फाय, प्रिंटर, स्कॅनर, आवाज, प्रोजेक्टर, झोपलेले यंत्र उठणे आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावरून मराठी टंकलेखन या सर्वांची परीक्षा तासाभरात होते. जे चालेल ते बदलावे. जे चालणार नाही ते लिहून ठेवावे आणि त्या प्रणालीच्या देखभालकर्त्यांना कळवावे. विंडोजवर असतानाच लिबर ऑफिस वापरावयास सुरुवात करावी, म्हणजे पुढे बोजा वाटत नाही. आणि यापुढे कोणतेही यंत्र, कोणताही प्रिंटर विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हे लिनक्सवर चालते काय? हजार दुकानांतून हा प्रश्न रोज विचारला जाऊ लागला, तर उत्पादकांना ड्रायव्हर द्यावेच लागतील. हार्डवेअरची अडचण शेवटी ग्राहकाच्या मौनातून जन्मलेली आहे.

प्रत्येक तालुक्याच्या गावी अभियांत्रिकीचे दोन-चार विद्यार्थी या कामासाठी आनंदाने पुढे येतील. त्यांना फक्त कोणीतरी हाक मारावयास हवी. महिन्यातील एक रविवार, एक शाळा, दहा संगणक. या मापाने काम सुरू झाले तर वर्षभरात जी यंत्रे भंगारातून वाचतील, त्यांची किंमत कोणत्याही मोर्च्याहून अधिक असेल.

स्वदेशी हे केवळ वस्तूचे नाव नाही, ते क्षमतेचे नाव आहे. जे यंत्र उघडता येते, समजून घेता येते, दुरुस्त करता येते आणि ज्याची कळ दुसऱ्या कोणाच्या हाती नाही, तेच खऱ्या अर्थाने आपले. नायराच्या कर्मचाऱ्यांवर आलेली वेळ उद्या एखाद्या रुग्णालयावर, बँकेवर वा संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यावर आली, तर न्यायालयाची तारीख लागेपर्यंत थांबण्याइतका अवधी मिळेलच असे नाही. तोवर आपली माणसे शिकून तयार हवीत.